घर अलीकडे, गोठा पलीकडे

मी, लुडविका ब्रेगांत, अंद्रेय ब्रेगांत यांची विधवा, वय सत्तर, राहणार लिपोवेक, कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला स्वतःला तितकी खात्री नाही. कागदावर जन्माचा देश लिहायचा होता, तिथेच आमचं अडलं.

वकील कोस यांनी विचारलं, "जन्म कुठला?"

"इथलाच. चुलीमागच्या खोलीतला."

"तसं नव्हे, बाई. देश कुठला?"

"तेव्हा ऑस्ट्रियाचा बादशहा होता. मुलं शाळेत गेली तेव्हा इटली. मग लढाईत कोण कोण आलं नि गेलं. तुम्हीच ठरवा."

ती जागा त्यांनी कोरी ठेवली आहे.

१. राहतं घर आणि आतलं सगळं सामान मुलगी मिलोयका हिला. मक्याचं पीठ शिजवायची तांब्याची कढईसुद्धा. तिला ढवळायचा कंटाळा आहे, तरी तिलाच. घरामागची चेरीची बागही तिला.

२. गोठा आणि त्यामागचा द्राक्षमळा मुलगा सिल्व्हो याला. हे दोन्ही सरहद्दीच्या तारेपलीकडे, म्हणजे युगोस्लाव्हियात आहे. ते कसं झालं, तेही इथे लिहून ठेवते. माझ्या माघारी मिलोयका वेगळं सांगेल.

सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात पॅरिसचा तह लागू झाला आणि इटली-युगोस्लाव्हियाची नवी सरहद्द आमच्या गावातून गेली. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. आमच्या अंगणात ती त्या सकाळी संपली. शिपाई चुन्याची बादली आणि खुंट्या घेऊन आले. सिल्व्हो गोठ्यात होता, गाय अडली होती. त्यांच्याबरोबरच्या दुभाष्याने मला काहीतरी विचारलं. "तुमचं कुठलं?" असं विचारलं, की "तुम्हाला कुठलं हवं?" असं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी गोठ्याकडे हात करून म्हटलं, "मुलगा तिकडे आहे." त्याने मान डोलावली आणि रेघ ओढली. घर आणि गोठा यांच्या मधून.

सिल्व्हो आतून ओरडला, "आई, गरम पाणी आण!"

मी बादली घेऊन निघाले. शिपायाने हात आडवा केला. "कागद?" मी म्हटलं, "अहो, गाय अडलीय, कागद कसला?" त्याला समजलं नाही. बादलीतलं पाणी थंड होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

वासरू जगलं. सिल्व्हो म्हणाला, "दोन दिवस थांबतो, मग बघू." पण मळा सोडून आला असता तर मळा गेला असता. तो तिथेच राहिला. अनित्साशी लग्न केलं, मुलगी झाली. मिलोयका मला म्हणते, "तू तोंड बंद ठेवलं असतंस, तर तो इकडे असता." आणि त्याला म्हणाली, तुला बहिणीपेक्षा गाय मोठी ठरली. हे तिने तारेवरून ओरडून सांगितलं होतं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. चूक माझी की दुभाष्याची, मी ठरवू शकलेले नाही.

३. चुलतभाऊ पेपी याला काही नाही. त्या सकाळी तो शिपायांकडे ब्रँडीची बाटली घेऊन गेला होता आणि त्याचे अक्रोड सगळेच्या सगळे अलीकडे राहिले. बाटलीमुळे रेघ आमच्या अंगणात वळली का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तरी काही नाही.

४. इथवर लिहून झालं, तेव्हा वकील म्हणाले, "तुमचा पास तुमच्याबरोबर संपेल, बाई."

हा पास दोन वर्षांपूर्वी मिळाला. ज्याची जमीन पलीकडे, त्याला कामाच्या दिवसांत जाता येतं. म्हणून मी जाते, नातीला मांडीवर घेते. सिल्व्होचं अलीकडे काही नाही, म्हणून तो येऊ शकत नाही. मिलोयकाचं पलीकडे काही नाही. मी गेले की येणारं-जाणारं कोणीच उरणार नाही.

मी पहिली दोन कलमं पुन्हा वाचून घेतली. मग म्हटलं, "उलटं लिहा."

"काय उलटं?"

"चेरीची बाग सिल्व्होला. मळ्यातल्या विहिरीकडच्या चार ओळी वेली मिलोयकाला. बाकी वर लिहिलंय तसंच."

"याने पास मिळेलच असं नाही. पलीकडचं सरकार हा कागद मानेल की नाही, तेही सांगता येत नाही."

"मला तरी कुठे काय सांगता येतंय? लिहा."

तेव्हा बाग आणि त्या चार ओळी यांपुरतं कलम एक आणि दोन रद्द समजावं. कोणीही आपला वाटा विकू नये, दुसऱ्याच्या नावे करू नये, कसायला परक्याला देऊ नये. चेरी सिल्व्होने स्वतः येऊन उतरवाव्या. द्राक्षं मिलोयकाने स्वतः जाऊन तोडावी. भांडायचं असेल तर खुशाल भांडा. आता तारेवरून ओरडायची गरज नाही.

लिहिलेलं वाचून दाखवलं, बरोबर आहे.

सही: लुडविका ब्रेगांत

आमच्यासमोर सही केली:
व्हेकोस्लाव्ह मार्विन, शाळामास्तर
तेरेझिया चेर्निक, सुईण

लिपोवेक, ९ ऑक्टोबर १९५१