फणसापासून साठ मीटर

गणेशगुडी, १९९६. रविवार, संध्याकाळ.

आज बोलायला नको होतं.

ऑफिससाठी उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र निवडायचंय, म्हणून दोन नमुने घेऊन धरणाच्या पाण्यात गेलो. रानात झाडांखाली छोटं यंत्र मुकं पडतं, मोठं टिकतं. पाण्यावर आभाळ मोकळं, दोन्ही चालली.

होडी पुंडलिकमामांची. त्यांचं घर याच पाण्याखाली गेलंय. पाण्याबाहेर उरलेला एक वाळका शेंडा आपल्या परसातल्या फणसाचा, असं ते धरून चालतात. दर वर्षी आईच्या नावानं तिथं नारळ सोडतात. आजही आणला होता.

"साहेब, आमचं घर दावतंय काय बघा की."

जुन्या नकाशावरून घराचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मी काढलेच होते. हौस माझी! यंत्र बघून बोलून गेलो, "मामा, घर इथं न्हाई. साठ मीटर पुढं हाय."

मामा शेंड्याकडं बघत राहिले. "मग इतकी वर्सं मी कुणाच्या दारात नारळ सोडला?"

नारळ माझ्या हातात देऊन त्यांनी होडी वळवली.

आत्ता माहितीपुस्तक वाचलं. उपग्रहाचा संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढतं, आणि परक्यांना नेमकी जागा कळू नये म्हणून उपग्रहवाल्या लष्करानं त्या वेळेतच मुद्दाम घोळ घातलेला असतो. जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकते. म्हणजे तो शेंडा मामांच्या फणसाचाच असेल? उद्या मामांना सांगू? काय सांगू?

यंत्र अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलंय. कुणी हलवलेलं नाही, तरी आकडे सरकतायत.

शेजारचा नारळ तेवढा जागच्या जागी आहे.