कागद चुकीच्या घरी आला

इसोन्झो नदीवरची आघाडी, इटली, नोव्हेंबर १९१६

आई,

तुझ्या हातांचे मुके घेतो. मी जिवंत आहे.

फादर लिबोरिओ, हे वाचताना आसुंता काकू आईजवळ बसली असेल, तर आधी तिला बाहेर पाठवा.

आई, लष्कराचा कागद चुकीच्या घरी आला. गेला तो काकूचा ओरोन्झो. आम्हा दोघांनाही आजोबांचंच नाव, आडनाव एक, तुकडीही एक. कारकुनाने त्याच्या बापाच्या जागी आपल्या बाबांचं नाव लिहिलं. सार्जंट आम्हाला चिडवायचा, "काय रे, तुमच्या गावात नावांचा दुष्काळ पडलाय का?" काकूचा ओरोन्झो म्हणायचा, "गावच्या संताचं नाव आहे, साहेब. चौकात हाक मारून बघा, निम्मं गाव ओ देईल."

त्याला फार त्रास झाला नाही, असं काकूला सांग.

बाबांचा खोकला कसा आहे? यंदा ऑलिव्ह उतरवायला कोण आलं?

इतके दिवस काकू तुला धरून बसली असेल, घरचं जेवण आणून भरवत असेल. आता तिला तूच सांग. माझ्या जगण्याचा आनंद तिच्यासमोर दिसू देऊ नकोस.

आणखी एक. त्या सकाळी पाणी आणायची पाळी माझी होती. थंडीने सुजलेले माझे पाय बघून तो म्हणाला, "बस गप, मी जातो." तोफगोळा विहिरीपाशीच पडला. हे काकूला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तुझा,
ओरोन्झो