कच्च्या मुलांचं वेगळं वाचन

२२ जून, रविवार

वर्षिणी सलग तिसऱ्या रविवारी आली नाही. हजेरीत फुली मारली आणि घरी येऊन तिच्या आईला, वनजाला, फोन लावला. जरा तावातच! आमच्या स्नेहमंडळाचा मराठीचा वर्ग फुकट आहे म्हणून लोक असं करतात, असं काहीतरी ऐकवणार होते. सचिवबाई ना मी.

तिने आधी उचललाच नाही. मग तिचाच आला. बाथरूममध्ये नळ सोडून बोलत असावी, पाण्याचा आवाज येत होता.

"कांचन, ती येत नाही म्हणतीय की ग. नंगे बेडा, अज्जा बेडा. तेवढंच. दुसरं काय बोलत नाही. अय्यो, मी दोनदा मारलं तिला, क्लासला जा म्हणून. मीच मारलं!"

अज्जा म्हणजे दामोदरराव. मुलांचे दामूआजोबा. नंगे म्हणजे मला आणि बेडा म्हणजे नको, एवढं कन्नड मलाही येतं.

मग हळूहळू निघालं. हॉलशेजारी सतरंज्या-खुर्च्यांची खोली आहे. तिथे ते कच्च्या मुलांचं वेगळं वाचन घेतात. एकेकाचं. दार लावून — बाहेरच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून. मांडीवर बसवून. आठ वर्षांच्या मुलीला! आणि पुढचं वनजाने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. काल आंघोळीच्या वेळी पोरीने तिला हाताने दाखवलं.

वेगळ्या वाचनाची कल्पना सगळ्यांना किती आवडली होती. मीच ग्रुपवर टाळ्यांचे हात टाकले होते.

आमच्या वर्गात कच्ची मुलं म्हणजे कोण, तर वनजासारख्यांची. हे लोक दीड-दोनशे वर्षांपासून म्हैसुरात. पूर्वज इथल्या राजांच्या फौजेत होते. घरात मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड. आम्ही दहा-वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेले पुण्या-नाशिकचे लोक त्यांच्या मराठीला हसतो. तोंडावर नाही, घरी येऊन. म्हणून तर बिचारी मुलीला 'शुद्ध' शिकायला पाठवत होती.

दामोदररावांना आणलं कुणी? मी.

२३ जून, सोमवार

बँकेत दिवसभर लोकांची ओळखपत्रं तपासते. फोटो जुना असला तरी परत पाठवते. गेल्या वर्षी बोगादीच्या आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याच्या बायांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंच पाहिजे म्हणून भांडणारीही मीच. आणि मुलांसाठी माणूस घेतला तो एका कागदावर! होस्पेटला नोकरीवाल्या मराठी लोकांचा असाच एक गट आहे, त्यांचं पत्र. बाकी काय, तर स्वच्छ मराठी, धोतर आणि संस्कृत श्लोक. आधार कार्डसुद्धा मागितलं नाही. आपल्या माणसाला कसं मागायचं?

जेवणाच्या सुट्टीत अर्णवला फोन केला. माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत असतो. असल्या माणसाची माहिती तिकडे कशी काढतात, 'सहज' म्हणून विचारलं. तो म्हणाला, "अगं, इकडे असल्या गुन्हेगारांची सरकारी वेबसाइट आहे. पिनकोड टाकायचा. फोटो, पत्ता, गुन्हा, सगळं येतं. घर घेण्याआधी आम्ही पाहिलं होतं." मग हसून म्हणाला, "आमच्या गल्लीच्या मागे एक आहे. त्याच्या घरावरून जाताना पोरं पळत जातात. त्याने असं काय केलं होतं, कुणाला धड माहीत नाही."

फोन ठेवून शोधलं तर आपल्याकडेही लैंगिक गुन्हेगारांची यादी आहे! २०१८ पासून. देशभरची. मी आनंदाने ओरडणारच होते. पण ती फक्त पोलिसांना दिसते. तुम्हाआम्हाला नाही.

मग कोर्टाच्या साइटवर नाव टाकून पाहिलं. ती आधी राज्य विचारते, मग जिल्हा, मग वर्ष. कुठला जिल्हा? "मूळचे नाशिककडचे," यापलीकडे आम्हाला काही माहीत नाही. वर्ष कुठलं? नावाच्या जोरावर गूगलमध्ये एवढंच सापडलं — हस्ताक्षर स्पर्धेत बक्षीस घेतानाचा फोटो. आजूबाजूला मुलं.

२४ जून, मंगळवार

आभाला, माझ्या लेकीला, विचारलं. वेणी घालताना, मागून, तोंड दिसू नये म्हणून. "मला कधीच आत नेत नाहीत, आई. मला वाचता येतं ना!"

हुश्श झालं. आणि मग इतकी लाज वाटली की तिची वेणी दोनदा सोडून घातली.

२६ जून, गुरुवार

अर्धी रजा टाकून पोलीस स्टेशनला गेले. रिक्षातून उतरून समोरच्या दुकानात उगाच नारळपाणी प्यायले. मग दुसरं प्यायले. मग आत.

सब-इन्स्पेक्टर बाई आहेत. सहाना मॅडम. माझ्याहून लहान असतील. बारा वर्षांत माझं कन्नड भाजीवाल्यापुरतंच, त्यांनी इंग्रजी मिसळून सांभाळून घेतलं. यादी दाखवता येत नाही, म्हणाल्या. कुणालाच. आणि तिच्यात नाव नसलं तर समाधान मानू नका. कोर्टात शिक्षा झालेल्यांची ती यादी. ज्याच्यावर कुणी तक्रारच केली नाही, तो यादीत येणार कुठून?

एखाद्याला कामावर ठेवायचं असेल तर? तर त्याच्याकडूनच पोलीस दाखला मागा. त्याने स्वतः अर्ज करायचा, ठाण्यातून चौकशी होते. साधी गोष्ट आहे म्हणाल्या. साधीच आहे. आम्हीच केली नाही.

मी आभार मानून उठले. तेव्हा त्यांनी मान वर केली. "याके केळ्तिद्दीरा? का विचारताय? कुठल्या मुलाला काही झालंय?"

मी म्हटलं, "नाही नाही. जनरल."

जनरल!

त्यांनी खण उघडला. एक कार्ड दिलं. म्हणाल्या, लहान मुलाबाबत असं काही कळलं तर ते पोलिसांना सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. आईबापांनाच नाही, ज्याला कळलं त्याला. न सांगणं हासुद्धा गुन्हा. मुलाचं नाव कुठे येत नाही. मी घरी येईन, म्हणाल्या, साध्या कपड्यांत, चहा प्यायला आल्यासारखी.

कार्ड पर्समध्ये आहे. दर तासाला हात लावून पाहते.

२८ जून, शनिवार

वनजाकडे जाऊन आले. मंडी मोहल्ल्यामागे त्यांचं जुनं घर. तिचे सासरे सयाजीराव दारातच पेपर घेऊन बसलेले, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. तक्रार करू या, म्हटलं. मी येते बरोबर.

"सासऱ्यांना कळलं तर ते त्याला मारून येतील. निजवागलू, खरंच. मग ते आत, तो बाहेर." मग म्हणाली, "आणि आमचं कोण ऐकणार? आमचं मराठी मोडकं. तुमच्या मीटिंगला मी तोंड उघडलं की सगळे खाली बघून हसतात. मला दिसतंय की ग ते."

खाली उतरले. वर्षिणी खालच्या खोलीत टीव्ही पाहत होती. मी 'हॅलो बेटा' म्हटलं तर उशी पोटाशी घेऊन बसली. माझ्या अंगालाही त्या हॉलचाच वास येत असेल तिला.

२९ जून, रविवार

वर्गाला सुट्टी दिली, हॉलला पाणी नाही असं सांगून. संध्याकाळी गंगाधररावांच्या विजयनगरच्या घरी कमिटी. ते अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, आवाज खालच्या पट्टीतला. साबुदाणा वडे होते. मी मुलीचं नाव न घेता सांगितलं. नाव सगळ्यांनी आपापलं ओळखलं.

"त्या लोकांची भाषा वेगळी. मुलीला काही कळलं नसेल." — "वयस्कर माणूस आहे, मायेने जवळ घेतलं असेल." — "बभ्रा झाला तर गणपतीला हॉल कोण देईल?" — "शहानिशा केल्याशिवाय आपल्याच माणसाला पोलिसांत?"

भाषा वेगळी! अहो, त्यांनी नेमकी तीच मुलं आत नेली ना, ज्यांचं म्हणणं तुम्ही असं उडवून लावाल! हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "निदान पोलीस दाखला मागू या." एवढीच माझी मर्दुमकी.

दाखला मागायचं ठरलं. मग वडे संपवले. मीही दोन खाल्ले, ते का खाल्ले देव जाणे.

३० जून, सोमवार

गंगाधरराव आणि मी गेलो. दामोदररावांनी दार उघडलं, पाणी दिलं, खोली लख्ख. दाखल्याचं सांगितल्यावर हात जोडून हसले. "अवश्य! नियम म्हणजे नियम. कांचनताई, मला उलट कौतुक वाटलं."

त्यांचा स्वर इतका साधा होता की पायऱ्या उतरताना मला वाटलं, आपण किती नीच आहोत. हे लिहून ठेवते. असंही वाटलं होतं.

३ जुलै, गुरुवार

ग्रुपवर निरोप: 'प्रकृतीच्या कारणास्तव बहिणीकडे जात आहे. मुलांना आशीर्वाद.' खाली बत्तीस नमस्कार.

विश्राम म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला. आता सोड ना." नवऱ्याला सगळं सांगितलंय मी. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त जेवण शांतपणे हवं असतं.

संध्याकाळी गंगाधररावांचा फोन. दामोदरराव आभाराचं पत्र मागताहेत. "देऊन टाका. गोडीगुलाबीने जाऊ देत."

४ जुलै, शुक्रवार

सही केली.

८ जुलै, मंगळवार

कालचं पान लिहून फाडलं आणि आज तेच परत लिहायला बसले. वेड लागेल. खुलासेवार लिहिते.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा नमुना म्हणून फाइलमधलं होस्पेटचं पत्र काढलं होतं. 'मुलांमध्ये सहज मिसळतात. कच्च्या मुलांकडे विशेष लक्ष देतात. प्रकृतीच्या कारणास्तव आमचा निरोप घेत आहेत.' मी तीनही वाक्यं जशीच्या तशी उतरवली. फक्त गावाचं नाव बदललं. चार दिवस झाले, भाजी चिरताना, बँकेत, आभाला शाळेच्या बसमध्ये बसवताना ती तीन वाक्यं डोक्यात फिरताहेत. होस्पेटवाल्यांनी ती कुठून उतरवली असतील?

आज त्या पत्रावरचा नंबर लावला. फत्तेसिंगराव म्हणून सचिव आहेत. "हो हो, चांगले गृहस्थ. प्रकृतीमुळे गेले." मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही. मग म्हणाले, "एक विचारू का, ताई? तुमच्याकडेही वेगळं वाचन घ्यायचे?"

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. परत लावला तर बंद.

शिवी देणार होते त्यांना. पण कुठल्या तोंडाने? माझंही पत्र त्याच फाइलमधलं आता.

९ जुलै, बुधवार

दामोदररावांची खोली रिकामी. घरमालकाला पत्ता दिलेला नाही. नंबर बंद.

२० जुलै, रविवार

वर्ग मीच घेतला. त्या खोलीचं दार सुताराकडून काढवून घेतलं. आठ मुलं आली. वर्षिणी नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

वनजा बाजारात भेटली, देवराज मार्केटजवळ. हातात मोगऱ्याचा गजरा. वर्षिणी आता दार बंद करून झोपत नाही, दिवाही लागतो. "बाकी ठीक," म्हणाली. तिला पत्राचं सांगायचं होतं. सांगितलं नाही. ती मला म्हणते काय, "तू एकटीच आमच्या बाजूने होतीस, कांचन." आणि अर्धा गजरा तोडून माझ्या केसांत माळला!

घरी येऊन तो काढून ठेवला. फेकवला नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शिवमोग्ग्याहून फोन. एक बाई, उत्साही, मागे मुलांचा गलका. त्यांच्याकडे मराठीचा वर्ग सुरू झालाय, नवे गुरुजी मिळालेत. "तुमचं पत्र आहे ना त्यांच्याकडे, तुमची सही बघितली म्हणून म्हटलं ओळख करून घेऊ! किती छान लिहिलंय तुम्ही. कच्च्या मुलांकडे खरंच विशेष लक्ष देतात हो. गेल्या रविवारपासून वेगळं वाचन —"

मी म्हटलं, "बाई, आधी त्या खोलीचं दार उघडा. मग माझं ऐका." सगळं सांगितलं. मध्ये एकदाही श्वास घेतला नसेल. पलीकडे गलका तसाच चालू होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझी मुलगी पहिल्या दिवशी गेली होती."

मग वनजाला लावला. पत्राचंही सांगितलं. मग — "सासऱ्यांना मी सांगते. नाळे, उद्या सकाळी. बर्तीनि, येते मी पोलिसांकडे." माझ्याशी त्याहून जास्त बोलली नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

सहाना मॅडमनी सगळं लिहून घेतलं. वनजा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलली — भरभर, कुठेही न अडखळता. मी पहिल्यांदाच तिला असं बोलताना ऐकलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हे कधी कळलं?"

बावीस जून, म्हटलं.

नक्की कशावरून? — रोजनिशी लिहिते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'जनरल' त्यांना आठवलं असणार. वही उद्या आणून द्या, म्हणाल्या. आहे तशी. पान फाडायचं नाही.

घरी येऊन वही काढली, तर सात जुलैचं फाडलेलं होतं. कचऱ्याच्या डब्यात नाही, कपाटात घडी करून ठेवलेलं सापडलं. चिकटवलं.