रात्र छापायची राहिली

शोवा ७ (जपान, १९३२), ८ जून

हे पडले! उभेही नव्हते — लाकडी ठोकळ्यांनी चित्रं छापता छापता बसल्या जागी कलंडले. हातातली, ठोकळ्यावर कागद घासायची चकती घरंगळत चुलीपाशी आली. उजवं अंग लुळं. जीभ गेली.

तीस कागद उरलेत. तळं, लव्हाळी, होडी — सगळं छापून झालंय. फिकं आभाळ, त्यात एक कोरा गोल. शेवटचा ठोकळा रात्रीचा, तेवढाच राहिला. भोवती काळोख चढला की त्या गोलाचा चंद्र होतो. आत्ता मात्र तळ्यावर चक्क दुपार आहे!

रात्र मला येत नाही. चाळीस वर्षं मी कागद भिजवतेय, तेवढंच.

९ जून

डॉक्टर म्हणाला, "धीर धरा." मी धरीन. कागद धरेल का? वाळला की आकसतो, मग ठोकळा जागेवर बसत नाही. ओला ठेवावा तर ह्या हवेत चार दिवसांत बुरशी.

पाणी शिंपडलं.

१० जून

पेज भरवली. अर्धी गळ्यावर. पुन्हा शिंपडलं.

११ जून

चित्रांच्या दुकानाच्या मालकांनी मोसाकुला पाठवलं. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, तोंडाचा फटकळ. "दादा, सोंग पुरे झालं, उठा!" म्हणाला, आणि तिकडे तोंड करून नाक शिंकरत बसला.

एक कागद छापला. कागदावरच्या गोलावर ठोकळ्यातला गोल बसेना!

"वहिनी, कागद भिजवलात की धुतलात? फुगलाय नुसता. एका आभाळात दीड चंद्र!"

चूक माझीच. जीव घाबरला की शिंपडत होते.

मधे कोरडे कागद घालून फळीखाली दाबले. किती वेळ? मोसाकु म्हणतो, "ते दादांच्या गालालाच ठाऊक." कागद गालाला लावूनच हे ओल बघायचे.

१२ जून

डावा गाल शाबूत आहे. कागद लावला. म्हटलं, "अजून ओला असेल तर डोळा मिटा. छापण्याजोगा झाला असेल तर उघडा ठेवा."

मिटला. दुपारी मिटला. संध्याकाळी मिटला — चिडून! तीच जुनी चीड. बरं वाटलं.

१३ जून

सकाळी कागद लावला. डोळा उघडाच राहिला. "चला!" मोसाकु ओरडला. मी भराभर कागद देत गेले. एकोणतीसच्या एकोणतीस जुळले. चंद्र एकच, गोल.

दाखवायला नेला. डोळा तसाच उघडा.

"बघा, पसंत पडला!" मोसाकु म्हणाला.

मी हात लावला. गाल कागदाहून गार होता.