बावीस तारखेची व्हिजिट

४ जुलै २०२२
काल आमच्या हिचा, कौशल्याचा, तेरावा झाला. आजपासून रडणं बंद, लढाई सुरू. हॉस्पिटलने आधी न सांगता बिलात जे घुसडलंय, त्यावर नुसती तक्रार नाही, कायदाच बदलायला लावणार. पणजोबा संस्थानी फौजेत होते. मी तरसालीच्या घरात बसून गांधीनगरचं सरकार हलवतो.

५ जुलै, सकाळी
मसुदा सुरू. कलम १: खर्च आधी सांगावा. कलम २: न बोलावलेल्या डॉक्टरची फी लावू नये. नयनाने वाचलं आणि बापालाच सुनावलं. म्हणे, पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला 'या साहेब, बसा, चहा घ्या' म्हणून तुम्हीच आत ओढलंत, वर निघताना 'उद्या परत या'! पण माणूस दारावरून तसाच जाऊ द्यायचा? आपल्यात पद्धत आहे काही?
कलम २ तूर्त स्थगित.

११ जुलै
सापडलं! बिलात बावीस जूनची व्हिजिट. कौशल्या गेली एकवीसला पहाटे. केसपेपरवर त्याच तारखेचा डॉक्टरचा शेराही आहे: पेशंट शांत, कुठे दुखत नाही. आता हॉस्पिटलची खैर नाही.

१२ जुलै
सकाळी चुकून दोन कप चहा केला. दोन्ही प्यायलो. ॲसिडिटी. आतल्या खोलीतून तिच्यासारखा खोकला आला. शेजाऱ्यांचा असणार.
शेजारी महिनाभर अमेरिकेत आहेत.

२० जुलै
मसुदा पुढे सरकला नाही. पंखा आवाज करतो, सुचत नाही. गोत्रीला सुभाष वकिलाकडे जाऊन आलो. म्हणाला, या एका व्हिजिटवर केस जिंकू. त्या डॉक्टरची उलटतपासणी मीच घेणार. प्रश्न काढलेत: ती कुठे होती? बसली होती का? माझ्याबद्दल काही विचारलं का?
सुभाषने प्रश्न वाचले आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी.

२ ऑगस्ट
आज ग्राहक कोर्टात हॉस्पिटलचा मॅनेजर हात जोडून उभा. काका, सॉरी, भूल थई गई, म्हणाला. ती एन्ट्री खोडतो, सगळ्या व्हिजिटांचे पैसे परत देतो. सुभाष खूश. मॅनेजरने पेन काढलं आणि मी ओरडलो, खोडू नका! ती व्हिजिट खरी आहे, फी देतो मी.
तक्रार मागे घेतली. कायदा राहिला. रिक्षात नयना रडत रडत विचारत होती, बाबा, असं का केलंत?
काय सांगू? ती गेल्यावर कशी आहे, हे मला दुसऱ्या कुणीच लिहून दिलेलं नाही.