दादाच्या भिंती

दादा,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं वहिनीने कळवलं. इकडचं मात्र मी तिला काही बोलले नाही. आपला गाण्याचा क्लब पाडला. तिथे आता बावीस मजल्यांच्या इमारतीचं चित्र लावलंय.

त्याआधी महापालिकेत सुनावणी झाली. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, तुम्ही वीस वर्षं इथे गाताय ना, मग वस्तीला ही जागा हवी आहे असं सांगणारे चार शेजारी आणा." मी दारोदार फिरले. मागची शिंपीणबाई तर भिंतीला भिंत लावून राहते. ती म्हणाली, "अगं, तिथे गाणं चालतं होय? मला वाटलं गोदाम आहे."

लोकांनी आवाजाची तक्रार करू नये म्हणून तू सुतारकामातलं सगळं कसब पणाला लावलंस, भिंतींना आतून कापसाचे थर देऊन वर फळ्या ठोकल्यास. वीस वर्षांत एकही तक्रार नाही, हे आपण मान ताठ करून सांगायचो. साहेबांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी कागदावर 'साक्षीला एकही शेजारी नाही' असं लिहून घेतलं.

परवा बुलडोझरने ती भिंत पाडली. शिंपीणबाई बघायला आली होती. म्हणाली, "आता एकदा गाऊन तरी दाखव." मला सूरच लागेना.

हे पत्र मी टाकणार नाही. पुढच्या फोनला तू नेहमीसारखं विचारशील, "आवाज बाहेर जात नाही ना?" आणि मी सांगेन, नाही दादा, अजिबात नाही.

तुझी,
धाकटी