मागच्या वाफ्यातला पाला

ता. ३, मंगळवार

आले एकदाची लेकीकडे, आणि कायमची आले. एक ट्रंक, गादीची वळकटी आणि बियांचे डबे, एवढाच माझा संसार. ही वही टिकलीने दिली. टिकली म्हणजे माझी नात. सहा वर्षांची, मूठभर पोर आणि तोंड वकिलाचं. म्हणाली, आजी, तू रोज लिहायचं आणि मी तपासणार. मी शाळेत दोनच वर्षं गेले, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन, असं सांगितलं तर म्हणाली, मग शुद्धलेखनाला सूट. लाल पेन्सिल कानावर अडकवून हिंडते.

घर छान आहे, रस्त्याच्या टोकाला, शेजार लांब. पूर्वी इथे लाकडी खांब कसल्याशा पाण्यात भिजवून काढायचा कारखाना होता. तो गेला, जमीन राहिली. आमचे जावई त्या जमिनीचे डॉक्टर. खरंच, पगार त्याचाच मिळतो. घरामागे चार वाफे, भोवती जाळी, फाटकाला कुलूप, आणि किल्ली स्वयंपाकघरात खुंटीवर. मग कुलूप कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वाफ्यांत लावलंय काय, तर नेचे. ना फूल, ना फळ, ना शेंग. इतकं शिकून माणूस पाला लावतो, आणि वर प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला. पळून जाणार आहेत जशी काही.

लेकीने मला फोन दिला. अंगठा टेकवला की उघडतो. आकडे टाकूनही उघडतो म्हणे, पण ते टिकलीच्या ध्यानात. माझ्या डोक्यात आता नवीन आकडे शिरत नाहीत.

ता. ४, बुधवार

जावईबापूंनी आज मला वाफ्यांवर शिकवणी दिली. चष्मा पुसून, घसा साफ करून. आई, या जमिनीत आर्सेनिक आहे, हे नेचे ते मुळांनी ओढून पानांत साठवतात, म्हणून यांना हात लावायचा नाही. मी म्हटलं, आर्सेनिक ना, माहितंय मला, चांगलं माहितंय. त्यांना एवढा आनंद झाला की शिकवणी तिथेच आटपली. लेकीलाही सांगितलं, अगं, आईंना माहीत आहे, बरं झालं.

न माहीत असायला काय झालं. गावच्या होमिओपॅथी डॉक्टरच्या साखरेच्या गोळ्या मी काय थोड्या खाल्ल्यात? पोट बिघडलं की आर्सेनिक, धाप लागली की आर्सेनिक. बाटलीवरचं नाव लावून लावून वाचायची मी. म्हणजे त्या पाल्यात औषध भरलंय, आणि हे गृहस्थ दर आठवड्याला तो छाटून गोण्यांत भरून फेकायला पाठवतात. घरात पोर काडीसारखी, आणि औषध चाललंय उकिरड्यावर. शिक्षणाने माणसाचं इतकं वाटोळं होतं हे पाहिलं नव्हतं.

ता. ५, गुरुवार

लेक-जावई कामाला गेले. मी किल्ली घेतली. शेंड्याची कोवळी पानं गोगलगायीसारखी गुंडाळलेली असतात, ती मूठभर खुडली, बारीक चिरली, टिकलीच्या भातात कालवली. तोंड वाकडं करत खाल्लन्. तिने टाकलं ते मी खाल्लं. तिला म्हटलं, ही आपली गंमत, बाबांना नाही सांगायची. ती म्हणाली, वहीत लिहिलंस तर मी बरोबरची खूण करीन.

केली आहे बघा, शेजारी.

ता. ९, सोमवार

पुढच्या अंगणात मी पालक आणि मुळा टाकला. काळजी अशी घेते की राजाच्या लेकीची घेत नसतील. गोण्यांतला वाळका पाला आणून वाफ्यावर पसरला. औषधावर वाढलेली भाजी, म्हणजे सोन्याहून पिवळं. जावईबापूंनी विचारलं हे कसलं आच्छादन. मी म्हटलं, झाडलोट. मान डोलावून गेले. नेच्यांचे डॉक्टर आणि नेचा वाळला की ओळखत नाहीत.

एक गोष्ट पाहिली. नेच्यावर किडा नाही. मुंगी नाही, कोळ्याचं जाळं नाही. आणि जिथे परवा खुडलं तिथे आज दुप्पट शेंडे.

ता. १४, शनिवार

पालक उगवला आणि थांबला. बोटभर झाला, कडा करपल्या, पानं पिवळी पडली. पाणी आहे, ऊन आहे. बियाणंच भिकार असणार, हल्ली सगळंच भिकार. आणखी पाला घातला.

टिकलीच्या पोटात दुखतं. दोनदा उलटी. लेक म्हणाली, आई, तू तिला काय काय चारतेस? आईला विचारते. हिला मी काय वाऱ्यावर वाढवली? मी म्हटलं, तुझ्या डब्यातले ते कोरडे तुकडे बंद कर आधी. पोटासाठीच तर औषध असतं. उद्यापासून दोन मुठी.

ता. १९, गुरुवार

मुळा उपटला. मुळा कसला, काळं सुतळीचं टोक. मुळांना तंतूच नाहीत, जळून गेल्यासारखी. दोन गोगलगायी वाफ्यात उलट्या पडलेल्या, शंखात नुसती वाळकी कातडी.

टिकलीच्या तोंडाला लसणाचा वास येतो. घरात लसूण नाही, जावईबापूंना चालत नाही. मला वाटलं माझ्या हातांना येत असेल. माझ्या तोंडालाही येतो.

पोर म्हणाली, आजी, पायाला मुंग्या येतात. मी म्हटलं, बसून बसून येतात. पण मी तर दिवसभर उभीच असते, आणि माझ्याही—

असो. वय झालं.

ता. २३, सोमवार

मागचे नेचे जाळीला टेकले. हिरवेगार, तुकतुकीत. पुढे माझं काही जगत नाही, मागे ते दिवसाला वीतभर चढतात. खुडायला गेले की बिल्ले वाजतात. वारा नव्हता आज. माझाच हात कापत होता बहुतेक.

टिकलीची नखं कापली. प्रत्येक नखावर एक पांढरी आडवी रेघ, पट्टीने ओढल्यासारखी. तिला मजा वाटली. म्हणाली, वहीसारख्या रेघा, आता नखांवर लिहिता येईल.

मी माझी नखं पाहिली.

ता. २६, गुरुवार

सकाळी टिकली उभीच राहीना. दवाखान्यात ठेवलीय. लेक तिथेच. मला घर राखायला ठेवलं. चूल थंड. आज शेंडे खुडले नाहीत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ता. २७, शुक्रवार

जावई कपडे न्यायला आले. दाढी वाढलेली. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, डॉक्टरांना काही सापडत नाही. मग माझ्याकडे पाहून विचारलं, आई, खरं सांगा, आर्सेनिक तर नाही ना गेलं तिच्या पोटात, तुम्ही मागे गेला नव्हता ना?

मला वाटलं, निघाला हिशेब चार पानांचा. पोर आजारी आणि यांना पाल्याची पडलीय. आणि आपल्याला अडाणी म्हणून हसतील ते वेगळंच. मी म्हटलं, मला काय करायचाय तुमचा पाला, मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. म्हणाले, तुम्हाला माहीत आहे ते किती बरं आहे. डॉक्टरांना सांगतो, ते नाही म्हणून.

गेले.

ता. २८, शनिवार

पाय ओढत कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. म्हटलं, आर्सेनिकच्या गोळ्या द्या, नातीला. दवाखान्यात काही जमत नाही त्यांना. तो बाटली काढता काढता हसला. म्हणाला, बाई, गोळीत नुसतं नाव असतं हो, म्हणून खाता येते. खरं आर्सेनिक म्हणजे आपला सोमल.

सोमल.

सोमल मला माहीत आहे. माझ्या बापाच्या घरी फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर पुडी असायची, उंदीर मारायची. त्या फळीकडे बोट केलं तरी आई हातावर चापट मारायची.

बाटली तिथेच राहिली. कशी आले आठवत नाही.

तीच तारीख. दुपार

उंबऱ्यात पडले. पाय माझे नाहीत, लाकडाचे आहेत. सरकत स्वयंपाकघरापर्यंत. फोन आहे हातात. अंगठा टेकवला. उघडत नाही. अंगठ्याची कातडी सुटलीय, सालं निघालीत — फोन ओळखत नाही. पुसला, पदराने घासला, दुसरा लावला. नाही. आकडे टाक म्हणतो. आकडे टिकलीला ठाऊक.

ओरडले. शेजार लांब. खिडकीतून नेचे दिसतात, जाळीवरून आत वाकलेले. चांगले आहेत ते. त्यांना काही झालं नाही.

वही हाताशी आहे, पेन्सिल आहे. बोटांत धरवत नाही, मुठीत धरलीय. मोठ्या तोंडाची बाई. माहितंय मला, माहितंय. काय माहीत होतं गं तुला, म्हातारे.

जावईबापू, पुन्हा कपडे न्यायला याल तेव्हा ही वही तुम्हाला दिसेल. दाराशी सरकवते. आधी हे वाचा, मला उचलू नका. तो वेळ फुकट—

डॉक्टरला सांगा, मी खोटं बोलले. मागचे कोवळे शेंडे. ता. पाच ते पंचवीस. रोज मूठ. चौदानंतर — दोन मुठी. भातातून. तिने कधी नको म्हटलं नाही, दोनदाच म्हटलं, मी ओरडले. सोमल. तुमच्या भाषेत ते — तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगत होता. मी सांगू दिलं नाही.

फाटक वाजलं वाटतं. नाही. बिल्ले आहेत.

टिकली, आज खूण करू नकोस. सगळं चुकलंय. लाल पेन्सिल घे आणि ता. पाचपासून एकेक ओळ खो